निरूपण : रूप देणारा शब्द

बुवा उभे राहतात, सेवेला घेतलेला अभंग म्हणतात, टाळकरी तो उचलून धरतात आणि मग निरूपण सुरू होते. प्रवचन, उपदेश, व्याख्यान असे शब्द हाताशी असतानाही अभंग उलगडण्याच्या क्रियेला कीर्तनपरंपरेत हे नाव रुळले. ते किती नेमके आहे, हे शब्द उघडल्यावर कळते.

‘रूप्’ हा धातू. अर्थ आकार देणे, दाखवणे. त्याआधी ‘नि’ हा उपसर्ग, शेवटी ‘अन’ हा प्रत्यय. रकारामुळे ‘न’चा ‘ण’ झालेला. या शब्दाचे मर्म त्याच्या पहिल्या वेलांटीत आहे. ‘निर्’ हा उपसर्ग ‘रूप’ला लागला असता, तर संधीत एक ‘र’ गळून आधीचा स्वर दीर्घ झाला असता आणि शब्द बनला असता ‘नीरूप’, म्हणजे रूपच नसलेला. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ आला की अर्थ थेट उलट्या टोकाला जातो. ब्रह्म नीरूप, आणि निरूपण करायचे ते त्याचेच! कीर्तनकाराचे सारे आव्हान या दोन शब्दांमधल्या अंतरात मावते.

हा शब्द रंगभूमीवरही वावरलेला आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पहिल्या अंकात रथाचा वेग अभिनयाने दाखवण्याची सूचना याच क्रियापदाने येते. मंचावर ना घोडे, ना धूळ. तरी प्रेक्षकाला रथ दिसला पाहिजे. संस्कृत नाटकांत ‘निरूप्य’ ही सूचना ‘निरखून पाहून’ या अर्थानेही येते. म्हणजे निरखणे आणि दाखवणे अशा दोन्ही क्रिया या एका शब्दात नांदतात. ज्याने स्वतः निरखले नाही, त्याने दुसऱ्याला काय दाखवावे?

समर्थांनी या शब्दाचा पैस किती मोठा आहे ते दाखवले. ‘दासबोधा’च्या 20 दशकांतल्या 200 समासांपैकी कितीतरी समासांच्या नावांत ‘निरूपण’ आहे. जन्मदुःखाचे निरूपण आहे, भिक्षेचे आहे, आणि एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी चक्क लेखनक्रियेचेही आहे. तिथे अक्षराचे वळण, शाई, लेखणी, कागद यांच्याकडे समर्थ त्याच बारकाईने पाहतात. परमार्थाला एक भाषा आणि व्यवहाराला दुसरी, असा भेद या शब्दाने मानला नाही.

आणि ज्ञानेश्वरी तर निरूपणाचा परमोत्कर्षच. 1290 साली गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्या उभ्या राहिल्या. सहाव्या अध्यायात ज्ञानदेव अरूपालाही रूप देण्याची, इंद्रियांना अतींद्रियाची गोडी चाखवण्याची ग्वाही देतात. या शब्दाच्या धात्वर्थाचाच जणू तो उच्चार! पण हे एकट्याने होणारे काम नाही, हेही ते जाणतात. म्हणून नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात.

इथेच निरूपण उपदेशाहून वेगळे होते. ‘उपदेशा’तला ‘दिश्’ धातू दिशा दाखवतो. चालायचे ते ऐकणाऱ्याने. निरूपणात मात्र वस्तूच समोर उभी करावी लागते. म्हणून दृष्टांत हा तिथे अलंकारापुरता उरत नाही. आकार देण्याचे मुख्य काम तोच करतो. कोरडा सिद्धांत पाठ म्हणून दाखवणारा वक्ता विद्वान असेल, पण निरूपणकार नव्हे. श्रोत्याला ‘समजले’ याच्या पुढे जाऊन ‘दिसले’ असे वाटावे, ही या शब्दाने वक्त्यावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि तिच्यातच मराठी कीर्तनाचे थोरपण आहे.