चुशूलला उतरलेले सहा रणगाडे

१९६२च्या भारत-चीन युद्धात, ऑक्टोबरच्या अखेरीस, भारतीय लष्कराच्या २० लान्सर्स रेजिमेंटचे सहा रणगाडे चंदीगडहून उडून लडाखमधल्या चुशूलला उतरले. एएमएक्स-१३ हे त्यांचे नाव, फ्रेंच बनावटीचे. त्यांना नेणारी अँटोनोव्ह-१२ विमाने सोव्हिएत, आणि हवाई दलाच्या ४४ स्क्वाड्रनकडे येऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झालेले. या पराक्रमाचे कौतुक करणारा बहुधा उतरण्याच्या क्षणापाशी थांबतो: सुमारे ४,३०० मीटर उंची, विरळ हवा, कच्ची धावपट्टी. ते थरारक आहेच. पण मला विचाराल तर या कृतीची खरी कारागिरी चंदीगडला, विमान जमिनीवर उभे असतानाच दिसते.

रणगाडा सुमारे पंधरा टनांचा, विमानाची क्षमता वीस टन. कागदावर हिशेब सहज बसतो. अडचण वजनापेक्षा ते वजन कुठे टेकते याची होती. साखळपट्ट्यांवर चालणारा रणगाडा मऊ जमिनीत रुतू नये म्हणून आपला भार पसरून ठेवतो; विमानाच्या हलक्या धातूच्या तळावर मात्र दोन पट्ट्यांखाली सारा भार एकवटतो. म्हणून तळावर लाकडी फळ्या अंथरल्या गेल्या. जेट युगाच्या उंबरठ्यावरचे विमान, तोफ बसवलेला रणगाडा, आणि दोघांच्या मध्ये साधे लाकूड! या रचनेतली सर्वांत सुंदर ओळ मला हीच वाटते.

आता रणगाडा आत जातानाचा क्षण पाहा. अँटोनोव्ह-१२ची मागची दारे आतल्या बाजूला उघडतात, पण विमानाला स्वतःचा रॅम्प नाही. तो बाहेरून लावावा लागतो. रणगाड्याची रुंदी अडीच मीटर, तळाची सुमारे तीन. म्हणजे दोन्ही बाजूंना फार तर वीतभर जागा. रणगाडा मोटारीसारखा हळूच वळत नाही. एक पट्टा रोखला की सगळे धूड त्या बाजूला झटक्याने फिरते. चालकाने रॅम्पवर चढण्याआधीच सरळ रेषा धरायची, आत गेल्यावर दुरुस्तीला वाव नाही. शिवाय तो थांबायला हवा नेमक्या जागी, कारण पंधरा टन थोडे जरी मागे राहिले तरी विमानाचा तोल बिघडतो. मग साखळदंडांनी जखडायचे. वजन कमी राहावे म्हणून इंधनही मोजून घेतलेले. इतके सारे घडते ते शत्रूपासून शेकडो किलोमीटर दूर, आणि तरीही ती लढाईच आहे.

१८ नोव्हेंबरला चुशूलभोवतीच्या टेकड्यांवर चिनी सैन्याचा हल्ला झाला, तेव्हा त्यांपैकी गुरुंग हिलच्या लढाईत या रणगाड्यांच्या तोफा आपल्या बाजूने बोलल्या. जवळच्याच रेझांग ला खिंडीच्या वाट्याला असा आधार आला नाही. तिथे लढणारे मेजर शैतान सिंग आणि त्यांची जवळजवळ सारी तुकडी कामी आली. दोन्ही जागा शेजारी ठेवून वाचल्या की त्या सहा रणगाड्यांचे मोल कळते.

२०२०मध्ये चीनशी पुन्हा तणाव वाढला तेव्हा हवाई दलाच्या सी-१७ आणि इल्युशिन-७६ विमानांनी सुमारे नव्वद रणगाडे आणि तीनशेहून अधिक बीएमपी चिलखती गाड्या लडाख सीमेकडे नेल्या. सी-१७ला स्वतःचा रॅम्प आहे आणि त्याच्या पोटात पाच मीटरहून अधिक रुंदी आहे. काम सोपे झाले असे मी म्हणणार नाही, पण वीतभर जागेची ती धास्ती आता उरलेली नाही.

तळ किती भार पेलतो हा प्रश्न मात्र धावपट्टीलाही लागू आहे. आपल्या तेलंगणातल्या आदिलाबादच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर नागरी विमानतळ उभारायला हवाई दलाने २०२५मध्ये ना-हरकत दिली. तेव्हापासून आपल्याकडे धावपट्टीच्या लांबीची चर्चा रंगते. चुशूलची गोष्ट वाचलेल्या माणसाने धावपट्टीच्या जाडीचीही चौकशी करावी: खाली किती थर, आणि एका चाकाखाली किती टन पेलणार.