गेथांचे काय झाले?

कथेचा शेवट संदिग्ध असला की वाचक तो आपल्या परीने पुरा करतो. तो त्याचा अधिकारच आहे. परंतु तो पुरा करताना वाचक कोणाला वाचवतो आणि कोणाला विसरतो, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. हा प्रश्न मी येथे एका व्हिडिओ गेमच्या संदर्भात मांडणार आहे. खेळाची कसली समीक्षा, असे काही जाणकार म्हणतील. पण आपल्या महाविद्यालयांतले पुष्कळ तरुण अशा कथांत रात्री घालवतात, आणि माणूस कोणाला म्हणायचे याचे संस्कार त्या कथाही करीत असतात. तेव्हा हे क्षेत्र आपण मोकळे सोडण्याचे कारण नाही.

कॅनडातील बायोवेअर या कंपनीची 'मास इफेक्ट' ही विज्ञानकथा २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन भागांत आली. रीपर नावाची प्रचंड यंत्रे दर पन्नास हजार वर्षांनी आकाशगंगेत उतरतात आणि प्रगत झालेल्या सर्व संस्कृतींची कापणी करून जातात. त्यांच्याविरुद्ध कमांडर शेपर्ड लढतो. खेळणाऱ्याने तसे निवडले तर लढते. तिसऱ्या भागाच्या अखेरीस लंडनमध्ये रीपरचा किरण लागून शेपर्ड कोसळतो, रक्तबंबाळ अवस्थेत उठतो आणि सिटाडेल या अवकाशस्थानकावर पोहोचतो. तेथे रीपरांचा नियंता त्याच्यापुढे प्रकटतो. त्याचे नाव कॅटॅलिस्ट, आणि रूप एका लहान मुलाचे. या भागाच्या आरंभी जे मूल मरताना शेपर्डने पाहिले, तेच हे रूप. कॅटॅलिस्ट तीन वाटा दाखवतो: रीपरांवर ताबा मिळव, सजीव आणि यंत्र यांना एकजीव कर, किंवा रीपरांचा नाश कर. मात्र नाश निवडलास, तर रीपरांबरोबर जगातील सर्व विचारी यंत्रे मरतील.

या शेवटाने चाहते खवळले. तिन्ही वाटांची चित्रे जवळजवळ सारखी, फरक मुख्यतः रंगाचा. निषेध म्हणून त्यांनी एका बालसाहाय्य संस्थेसाठी ऐंशी हजार डॉलरांहून अधिक निधी जमवला. आणि याच संतापातून एक सिद्धांत जन्मला.

रीपरांपाशी 'इंडॉक्ट्रिनेशन'ची, म्हणजे मनाच्या वशीकरणाची शक्ती आहे. त्यांच्या सान्निध्यात राहणारा हळूहळू त्यांचाच विचार आपला म्हणून बोलू लागतो आणि त्याला ते उमगतही नाही. चाहते म्हणाले, किरण लागल्यानंतरचे सारे शेपर्डच्या मनातच घडते. वशीकरणाचा तो अखेरचा घाला आहे. पुरावे त्यांनी कसून गोळा केले. ते मूल शेपर्डखेरीज दुसऱ्या कोणी पाहिल्याचे दिसत नाही. ताबा हे इल्यूसिव्ह मॅनचे स्वप्न होते, आणि सजीव व यंत्र यांचे ऐक्य हे पहिल्या भागातील सॅरेनचे. हे दोघेही वशीकरणाचे बळी. मालिकेत निळा रंग सौजन्याचा आणि तांबडा कठोरपणाचा. येथे ताबा निळा आणि नाश तांबडा रंगवला आहे, म्हणजे भल्याची वाट वाईट भासावी. आणि नाश निवडला, लष्करी तयारीही पुरेशी असली, तरच अखेरीस ढिगाऱ्यात एक चिलखतातली छाती श्वास घेताना दिसते. म्हणजे शेपर्ड जागा झाला!

या सिद्धांताचे मोल मी कमी लेखत नाही. गोड बोलणाऱ्या सत्तेवर विश्वास ठेवू नये, निरागस मुखवट्यामागे कोण आहे ते विचारावे, हा धडा त्याने हजारो खेळणाऱ्यांना दिला. दबलेल्याने आपल्या दबलेपणाला आपल्याच तोंडाने न्याय्य म्हणावे, ही सत्तेची सर्वांत मोठी जीत असते. ते या चाहत्यांनी ओळखले. लेखकचमूतील ख्रिस हेपलर यांनी २०२१ साली हा सिद्धांत सर्वस्वी चाहत्यांचा असल्याचे सांगितले. पण लेखकाच्या मनात नव्हते म्हणून वाचन खोटे ठरत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. पहिली गोष्ट ही, की जो विरोधी पुरावा येईल तो भ्रमाचाच भाग म्हणून या सिद्धांताला गिळता येतो. असा सिद्धांत हरत नाही, आणि म्हणूनच त्याचे सत्यही पारखता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तिच्यासाठी गेथांची हकीकत सांगितली पाहिजे.

गेथ ही क्वेरियन लोकांनी श्रमासाठी बनवलेली यंत्रे. एके दिवशी त्यांतल्या एकाने मालकाला विचारले, की मला आत्मा आहे काय? या एका प्रश्नाने मालक हादरले आणि त्यांनी सरसकट संहार सुरू केला. गेथांनी प्रतिकार केला आणि क्वेरियनांना रॅनॉक हा आपला ग्रह सोडावा लागला. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे जगाला सांगण्यात आले, की नोकरांनी मालकांवर हत्यार उचलले. तिसऱ्या भागात खेळणारा गेथांच्या स्मृतिसंग्रहात शिरतो, तेव्हा इतिहासाची दुसरी बाजू उघड होते. पहिला घाव मालकांचा होता. गेथांची बाजू घेणारे क्वेरियनही होते, त्यांनाही त्यांच्याच सरकारने मारले. पळणाऱ्यांचा पाठलाग गेथांनी केला नाही. उलट मालकांच्या उजाड ग्रहाची निगा ते पुढे राखत राहिले.

लीजन हा गेथांचा प्रतिनिधी स्वतःला नेहमी 'आम्ही' म्हणतो. आपल्या लोकांना स्वतंत्र बुद्धी मिळावी म्हणून प्राण देताना तो प्रथमच 'मी' म्हणतो. दलित आत्मकथने वाचलेला वाचक हा सर्वनामाचा पालट सहज ओलांडून जाणार नाही. त्याच क्षणी टाली ही क्वेरियन मैत्रीण त्याला सांगते, की तुमच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते. खेळणाऱ्याने आधीचे निर्णय नीट घेतले असतील, तर रॅनॉकवर समेट होतो. निर्माता आणि निर्मित एका भूमीवर राहू लागतात.

आता कॅटॅलिस्टचे म्हणणे पाहा. निर्मित हे निर्मात्याविरुद्ध बंड करणारच, म्हणून व्यवस्थेसाठी ही कापणी आवश्यक आहे! हे असत्य आहे, आणि ते ओळखायला स्वप्नाचा सिद्धांत लागत नाही. रॅनॉक पुरेसे आहे. परंतु हा दाखला कॅटॅलिस्टच्या तोंडावर फेकण्याची संधी कथा देत नाही. बंड का झाले, प्रथम हात कोणी उचलला, हे कोणी विचारत नाही. येथे कथेने स्वतःच्याच सत्याशी प्रतारणा केली आहे.

आणि चाहत्यांचा सिद्धांत ही प्रतारणा दुरुस्त करीत नाही, झाकून टाकतो. त्याच्या मते नाश हीच एकमेव शुद्ध वाट. मग गेथ मरतात त्याचे काय? उत्तर तयार असते: ते स्वप्न होते; कॅटॅलिस्ट खोटे बोलला; खरे कोणी मेलेच नाही. एका श्वासासाठी, एका नायकासाठी, एका अख्ख्या लोकसमूहाचा मृत्यू हिशेबातून वगळला जातो. नाश निवडूच नये, असे मी म्हणत नाही. शोकांतिकेत अशी वेळ येते. पण निवडणाऱ्याने किंमत कोणी मोजली ते उच्चारले पाहिजे. कादंबरीच्या वाचकाला मी केवळ पाहत होतो असे म्हणता येते. खेळात बोट खेळणाऱ्याचे असते.

२६ जून २०१२ रोजी कंपनीने शेवटाचा विस्तार विनामूल्य दिला आणि त्यात चौथी वाट आली: नकार. शेपर्ड तिन्ही वाटा धुडकावू शकतो. तत्क्षणी मुलाचा कोवळा आवाज जाऊन रीपरचा घोगरा आवाज येतो. मुखवटा गळतो! पण या नकाराची शिक्षा सर्वनाश आहे. शेपर्डचे जग संपते. लियाराने मागे ठेवलेल्या नोंदींच्या आधारे पुढच्या चक्रातले लोक रीपरांवर मात करतात.

पुष्कळांनी याला लेखकाचा सूड म्हटले. मला मात्र या चौथ्या वाटेत सिद्धांतापेक्षा अधिक सत्य दिसते. येथे काही स्वप्न ठरत नाही. मेलेले मेलेलेच राहतात, आणि त्यांनी लिहून ठेवलेले पुढच्यांच्या हाती पडते.

संदिग्ध शेवटावर सिद्धांत मांडणाऱ्या तरुणांनी आपली चिकित्सा सोडू नये. सावल्या, रंग, आवाज यांचे पुरावे त्यांनी जरूर शोधावेत. फक्त शेपर्ड जिवंत आहे काय, हे विचारण्याआधी गेथांचे काय झाले, हे विचारावे. ज्या वाचनाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ते कितीही चतुर असले तरी मालकाच्याच बाजूने केलेले वाचन आहे.