आनंदीबाईंचा एसओपी

दिवाळी संपली की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर वर्डच्या फायली यायला लागतात. 'ताई, एकदा नजर टाका', 'ताई, फक्त ग्रामर बघा की'. बिलोली, कुंडलवाडी, नरसी, देगलूर, इकडचीच पोरंपोरी. अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायचे एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. मला हेच का शिकायचंय, तुमच्याकडेच का आणि शिकून पुढे काय करणार, हे दीड-दोन पानांत सांगायचं. मी इंग्रजी शिकवते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात, तेही फुकट.

बिलोलीतून अमेरिका दिसते ती हैदराबादमार्गे. मांजरा ओलांडली की तेलंगणा. हैदराबाद दोनेकशे किलोमीटर, मुंबई त्याच्या तिपटीएवढी लांब. अमेरिकेचं वकिलातीचं ऑफिस हैदराबादला, अमीरपेटच्या कन्सल्टन्सी हैदराबादला, आणि व्हिसा मिळावा म्हणून अकरा प्रदक्षिणा घालायचा चिलकूरचा बालाजीही तिकडेच (मिळाल्यावर एकशे आठ). नदीपलीकडच्या गावांत कुणाचा ना कुणाचा भाऊ डॅलसला असतो. अलीकडची पोरं परवापरवापर्यंत पुण्याला एमपीएससीच करायची. आता तीही विचारायला लागली आहेत.

तर हे एसओपी. त्यातले बरेचसे एकाच वाक्यानं सुरू होतात: मी दुष्काळी मराठवाड्यातल्या एका छोट्या गावात जन्मलो. मग एक जखम येते. आजोबांचं कर्ज, आईचं आजारपण, करपलेलं सोयाबीन. मग त्या जखमेतून एक निश्चय. मग कोडिंग. डेटा सायन्सचा आणि करपलेल्या सोयाबीनचा संबंध तिसऱ्या परिच्छेदात ओढूनताणून जोडलेला असतो. हा साचा आला कुठून, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. कन्सल्टन्सीवाले देतात हे खरं, पण त्यांनी तो आपल्याला विकला कारण आपण तो आधीच विकत घेतलेला होता. आपल्या सिनेमांनी आणि चरित्रांनी तो आपल्या अंगी मुरवला आहे. मराठीत त्याचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे आनंदीबाई जोशी.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नवव्या वर्षी लग्न, नवरा वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत. मग ती म्हणाली, मी डॉक्टर होणार. समीर विद्वांसचा २०१९ चा 'आनंदी गोपाळ' याच खिळ्यावर टांगलेला आहे. तो मी नांदेडला थिएटरात पाहिला, रडले, आणि बाहेर आल्यावर त्यात काही खटकतंय असं वाटलंही नाही. श्री. ज. जोशींची १९६८ ची कादंबरी मी शाळेतच वाचली होती. तिच्यात भाव खाऊन जातात ते गोपाळराव. ते विक्षिप्त, तापट, आणि वाचायला मजेदार. कादंबरीच्या नावात दोघं असली तरी वाचून झाल्यावर लक्षात तेच राहतात.

मग एक दिवस आनंदीबाईंचा खरा अर्ज वाचला. फिलाडेल्फियाच्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या, त्याचं दप्तर आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि हे पत्र त्यांनी जपलंय. तारीख २८ जून १८८३, उद्देशून आल्फ्रेड जोन्स यांना. मराठी माणसानं अमेरिकन कॉलेजला लिहिलेल्या अर्जांपैकी माझ्या वाचनात आलेला हा सगळ्यात जुना. आधी एक गंमत: बाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या आणि अर्ज केला त्यानंतर चोवीस दिवसांनी. आधी प्रवास, मग प्रवेश. आज आय-ट्वेंटी हातात असल्याशिवाय व्हिसाची तारीखही मिळत नाही.

त्या पत्राचा जो भाग सगळीकडे दिला जातो, त्यात त्या काय म्हणतात? प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पुऱ्या करत नाही हे कबूल करतात, आणि माझी गोष्ट वेगळी आहे म्हणून सवलत द्या असं मागतात. माझी तब्येत ठीक आहे असं सांगतात. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, तेव्हा तोच निर्धार पुढेही कामी येईल, असा युक्तिवाद करतात. मग काम काय ते सांगतात: पुरुष डॉक्टरचा हात लागण्यापेक्षा मरण पत्करतील अशा माझ्या देशातल्या बायकांना औषधोपचार मिळवून देणं. स्वतःसाठी मी काहीच मागत नाही, या कामाला लायक होण्यापुरतं तुमच्या, किंवा जे कॉलेज घेईल त्याच्या, दारात मागते आहे, असा शेवट.

यात बाळ कुठंच नाही.

मी ते तीनदा वाचलं. ज्या जखमेवर आपण अख्खा सिनेमा उभा केला, ती अर्जाच्या या गाजलेल्या परिच्छेदात नाही. याच्या चार महिने आधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, त्यांनी श्रीरामपूर कॉलेजात जाहीर भाषण केलं होतं. लोक विचारतील असे सहा प्रश्न स्वतःच मांडून त्यांची एकेक करून उत्तरं दिली: अमेरिकेला का, हिंदुस्थानात सोय नाही का, एकटीच का, जात बाहेर टाकेल त्याचं काय, तिकडे काही बरंवाईट झालं तर, आणि कुठल्या बाईनं केलं नाही ते मीच का करावं. या सहांत बाळाचा प्रश्न नाही. दुःख नव्हतं असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांच्या मुलीचं मूल गेलं, ते आयुष्यभर आत राहिलंच असणार. पण दाराशी उभं राहून काहीतरी मागताना त्यांनी ते पुढे केलं नाही. त्यांनी पुढे केली ती गरज, स्वतःची नाही तर दुसऱ्यांची, आणि ती तपासून बघता येण्यासारखी होती. पडद्याआडच्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी. याला पुरावा लागत नव्हता, समोरच्याचे डोळे ओले करायचीही गरज नव्हती.

भाषण आणि पत्र शेजारी ठेवली की आणखी मजा येते. श्रीरामपुरात समोर आपले लोक होते. तिथे त्या सांगतात की मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, मग मला वाळीत टाकायचं कारणच काय? म्हणजे जातीची अडचण त्यांनी अगदी लहान करून टाकली. चार महिन्यांनी फिलाडेल्फियाला लिहिताना तीच जात एकदम मोठी होते: तिचा विरोध मोडून आले, हीच माझी पात्रता. वस्तुस्थिती एकच होती, फक्त एका श्रोत्यापुढे तिचं वजन उतरवलं आणि दुसऱ्यापुढे चढवलं. कुणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मला ही अठरा वर्षांच्या मुलीची वाचकाची जबरदस्त जाण वाटते. आजच्या भाषेत पहिली व्हिसाची मुलाखत होती, दुसरा एसओपी. व्हिसाच्या खिडकीवर आजही हेच सिद्ध करायचं असतं की मी परत येणार. अमेरिकेचा कायदा तर धरूनच चालतो की तुम्ही राहायलाच निघालात. उलट काय ते तुम्ही दाखवा. एसओपीत मात्र 'इथं माझं भागत नाही' हेच सांगायचं. बापाचा सातबारा एकाच आठवड्यात बँकेत तारण म्हणून आणि खिडकीवर मायेचा पुरावा म्हणून नेणाऱ्या आमच्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता तब्येतीचं. कलकत्त्यात असतानाच त्यांना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप होती. न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या मिसेस कार्पेंटर तिकडून औषधं पाठवत होत्या. हे सगळं माहीत असून त्या अर्जात तब्येत चांगली असल्याचं लिहितात. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या, एकवीस वर्षांच्या. या पत्रातलं एक वाक्य ठेवा म्हटलं तर मी हेच ठेवीन. बाकीचं सगळं खरं आहे, त्यामुळे उदात्त आहे. हे एक खोटं आहे, आणि ते वाचताना मला ती मुलगी दिसते. तिनं खोटी जखम दाखवली नाही, खरी लपवली. आपला आजचा साचा बरोबर उलटा आहे.

हे मी कुठल्या तोंडानं बोलते ते सांगायला हवं. २०१९ ला, तो सिनेमा पाहिला त्याच वर्षी, मीही एक एसओपी लिहिला. त्यात मी लहानपणी डोक्यावर हंडा घेऊन दोन किलोमीटर चालायचे. आमच्या अंगणात बोअर होता. हंडा शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी वाहायची, आमच्याच बोअरवर येऊन. तिचं चालणं मी उचललं. प्रवेश मिळाला. कर्ज मिळालं नाही, म्हणून गेले नाही, आणि अजूनही कधीकधी वाटतं की बरं झालं. त्या वाक्यावर कुणी प्रश्न विचारला असता तर मी काय सांगितलं असतं?

गोपाळरावांना आपण सुधारक म्हणायचं की छळवादी, यावर मराठीत भरपूर शाई खर्च झाली आहे. मला ते आपल्याकडचे पहिले कन्सल्टंट वाटतात. पहिलं पत्र त्यांनीच लिहिलं, १८७८ च्या सुमाराला, कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला. बायकोला शिकवायचंय, आणि मलाही तिकडे एखादी नोकरी बघा. वाइल्डरांचं उत्तर: ख्रिस्ती व्हा, मग बघू. तो पत्रव्यवहार त्यांनी आपल्या मासिकात छापला, आणि १८८० साली मिसेस कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे नंबर लावून बसल्या असताना वाचला. म्हणजे अर्ज फेटाळला गेला, पण चुकून योग्य माणसाच्या हाती पडला. गोपाळरावांचं दुसरं काम म्हणजे मारझोड. अमेरिकेतून आनंदीबाईंनी त्यांना लिहिलेलं एक पत्र आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, पुस्तकं-खुर्च्या फेकणं, सोडून जाण्याच्या धमक्या, सगळं त्या वयानुसार क्रमानं सांगतात, आणि हे चांगलं होतं की वाईट हे ठरवणं अवघड आहे म्हणतात. अंजली कीर्तन्यांचं १९९७ चं चरित्र आणि मीरा कोसंबींचं काम यांमुळे ही आनंदीबाई आपल्याला भेटली. कादंबरीत मारझोड नाही असं नाही, पण तिथं ती वल्लीपणाच्या खात्यात जमा होते. पत्रात तसं होत नाही. ते अजून कुणीतरी सोडवायचं राहिलेलं गणित आहे.

इथं एक वळण घेते. ४ जून १९१३ रोजी, म्हणजे आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्याला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला: शिष्यवृत्ती घेतो, परत आल्यावर दहा वर्षं चाकरी करतो. जुलैत ते कोलंबियाला पोचले. मायदेशाची ओढ सिद्ध करायची तर याहून पक्का कागद कुठला? १९१७ ला ते शब्दाला जागून बडोद्याला गेले, आणि राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हाकललं. खिडकीवरचा अधिकारी तुम्ही परत जाल का एवढंच विचारतो. तिकडे तुम्हाला घेतील का, हे त्याच्या फॉर्मात नसतं. आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय समाज, इतिहास, संस्कृती हे विषय वगळले गेले. मे १९१६ मध्ये कोलंबियात भारतातल्या जातींवर निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळाली नसती.

यंदा आलेल्या फायलींत एक मांजरेकाठच्या पोराची आहे. सिव्हिल झालंय, जलशास्त्रात एमएस करायचंय. पहिला खर्डा नेहमीचा: दुष्काळ, आजोबा, निश्चय. मी फोन केला. 'तुझे आजोबा आहेत ना रे अजून?' 'हाव ताई. कन्सल्टन्सीवाले म्हणले, इमोशनल पायजे.' मी विचारलं, पाण्याचं वेड तुला कुठून लागलं ते खरंखरं सांग. बराच वेळ गप्प. मग म्हणाला की नदीतली वाळू उपसायला लागले तशी काठावरच्या विहिरींची पातळी कुठे कशी उतरली, ते तो नववीपासून वहीत लिहून ठेवतो. दोर सोडून मोजतो. अकरा विहिरी. 'मग हे का नाही लिहिलंस?' तर म्हणाला, 'ताई, पप्पांची गाडी वाळूवरच हाय. माझी फी त्यातूनच गेली.'

मला आनंदीबाईंचं ते तब्येतीचं वाक्य आठवलं. पण ते त्याला सांगून काय उपयोग, हे मला कळेना. मी म्हटलं, विहिरींचं लिही. गाडीचं लिहायचं की नाही ते तू ठरव, पण आजोबांना मारू नकोस.

तीन दिवसांनी नवी फाईल आली. पहिल्या परिच्छेदात अकरा विहिरी, साल आणि फूट. इंग्रजी मोडकं, पण प्रत्येक वाक्य त्याचं. दुसऱ्या परिच्छेदात वाळूचे ट्रक. तिसऱ्यात एक ओळ त्यानं लिहून खोडली होती, ट्रॅक चेंजेस चालू राहिल्यामुळे ती लाल रेघेखाली मला दिसत होती. त्या ट्रकांपैकी एक आमचा आहे, असं तिथं होतं.

खाली त्याचा मेसेज: 'ताई, १५ डिसेंबर लास्ट डेट हाय. ती लाईन ठेवू का काढू?'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज नऊ तारीख आहे.