कात कुणाची?

‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार बातम्यांनी इतका झिजवला आहे की आता त्यालाच कात टाकायची गरज आहे. बसस्थानक कात टाकतं, नाट्यगृह कात टाकतं, कंपनीतल्या सादरीकरणात आमची पंधरा वर्षं जुनी प्रणालीसुद्धा कात टाकते. (प्रत्यक्षात टाकत नाही. जुना कोड खाली तसाच राहतो, त्यावर नवा चढतो.) या सगळ्या वाक्यांत लक्ष सापाकडे असतं. तो नवा झाला, चकाकला, निघून गेला. मागे पडलेल्या कातीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

‘एक्झुव्हिए’ हे इंग्रजी नाम नेमकं या मागे पडलेल्या वस्तूचं आहे. मला ते एका तळ्याकाठी भेटलं. चतुर आणि टाचण्या मोजणाऱ्या मित्राबरोबर गेलो होतो. त्यानं लव्हाळ्याला चिकटलेलं एक तपकिरी, पाठीवर फाटलेलं पोकळ कवच दाखवलं. पाय जागच्या जागी, डोळ्यांच्या वाट्यासुद्धा शाबूत. आत कुणी नाही. फटीतून पांढरे दोरे बाहेर आले होते. ते श्वासनलिकांचं अस्तर, कवचासोबत तेही निघून येतं. मित्राच्या लेखी हे कवच उडणाऱ्या चतुरापेक्षा मोलाचं होतं. चतुर कुठूनही उडत येऊ शकतो. कवच सापडलं, तर तो याच पाण्यात वाढला हे नक्की होतं.

याच प्रकरणात ‘एकडिसिस’ हा ग्रीक शब्दही येतो, आणि दोन्हींत घोटाळा होतो. एकडिसिस ही क्रिया, एक्झुव्हिए ही त्या क्रियेनं मागे सोडलेली वस्तू. प्रोसेस आणि तिनं डिस्कवर टाकलेली फाइल यांत जेवढा फरक, तेवढाच. दोन्ही शब्दांचं मूळ मात्र कपडे उतरवण्यात आहे. त्याच ग्रीक मुळावरून मेंकन या अमेरिकी पत्रकारानं 1940 साली रंगमंचावर कपडे उतरवणाऱ्या नर्तिकांसाठी एक भारदस्त शब्द घडवला होता: ‘एकडिसिअस्ट’.

एक्झुव्हिए सतराव्या शतकात लॅटिनमधून इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये तो अनेकवचनातच वापरत, आपल्या ‘कपडे’सारखा, ‘एक्झुव्हिया’ हे एकवचन जीवशास्त्रज्ञांनी सोयीसाठी पाडून घेतलं. त्याचा अर्थ अंगावरून उतरलेलं. ते कुणी उतरवलं, यावर शब्द गप्प राहतो. माझ्या मते त्याची खरी ताकद या गप्प राहण्यात आहे, आणि ती व्हर्जिलइतकी क्वचितच कुणी ओळखली असेल.

लॅटिन मला येत नाही. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी अशा आवृत्तीत ‘इनीड’ चाळत मी हा एकच शब्द शोधत गेलो. दुसऱ्या सर्गात इनीअसला स्वप्नात रक्तबंबाळ हेक्टर दिसतो आणि त्याला जुना हेक्टर आठवतो, अकिलिसचं चिलखत लेवून परतलेला. ते चिलखत म्हणजे एक्झुव्हिए, शत्रूच्या प्रेतावरून ओरबाडलेलं. त्याच सर्गात दोनेकशे ओळींनंतर अकिलिसचा मुलगा पिऱ्हस राजवाड्याच्या दारात उभा राहतो, कात टाकून नव्यानं चकाकणाऱ्या सापासारखा. ती कातही एक्झुव्हिए. बापाचं चिलखत आणि मुलाच्या उपमेतली कात, दोन्हींना एकच शब्द.

आणि चौथा सर्ग. इनीअस गलबतं घेऊन निघून गेलाय. डायडो चितेवर चढते. शय्येवर त्याचे कपडे आहेत, त्यानं मागे ठेवलेले. मरण्याआधी ती आधी बोलते ती त्या कपड्यांशी. तेही एक्झुव्हिए.

इंग्रजी अनुवादक इथे सहसा तीन वेगळे शब्द वापरतात: लूट, कात, कपडे. त्यांना दोष देता येत नाही, पण काहीतरी हातून निसटतं. डायडोसमोरचे कपडे इनीअसनं सापासारखे सहज टाकलेत, की तिनं त्याच्याकडून मिळवलेली एवढीच लूट आहे? मूळ शब्दात दोन्ही एकदम ऐकू येतं. आजच्या इंग्रजीनं त्यातला कोरडा, कीटकशास्त्राचा भाग तेवढा ठेवला.

मराठीत मी काय करीन? ‘कात’ आहेच, पण ती सापाची. चिलखताला लागत नाही. संस्कृत ‘कंचुक’ जवळ येतो: चिलखत, चोळी आणि सापाची कात, तिन्ही त्यात बसतात. पण कंचुक अंगावर असतानाही कंचुकच असतो. एक्झुव्हिए उतरल्याशिवाय होत नाही. ‘निर्मोक’ला ती सुटण्याची क्रिया कळते, पण तो आज कोशाबाहेर कुणाला कळणार? ‘निर्माल्य’ मला फार आवडला होता. उतरवलेलं, तरी कचऱ्यात न टाकण्याजोगं. पण देवावरून फुलं भक्त उतरवतो. देव निघून जात नाही. डायडोच्या खोलीत हा शब्द चालत नाही.

तेव्हा मी हरलो आहे, हे सांगून टाकतो. पण मला हा शब्द इतका का छळतो, तेही सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग संपवून मी गाव सोडलं. दोन बॅगा नेल्या, उरलेलं कपाटात राहिलं. मधल्या काळात माझं बोलणं बदललं, जेवणाच्या वेळा बदलल्या. मित्र म्हणाले, लेका, तू तर कात टाकलीस. मला बरं वाटलं.

गेल्या डिसेंबरात पहाटेच्या बसनं घरी पोचलो. आई अंगण झाडत होती. साडीवर माझा कॉलेजच्या गॅदरिंगचा राखाडी स्वेटशर्ट, पाठीवर बॅचचं साल, बाह्या दोनदा दुमडलेल्या. मी म्हणालो, “अगं, हा टाकायचा होता ना, नवा आणून देतो.” ती म्हणाली, “टाकायला काय झालंय त्याला?” आणि झाडू लागली.