'फरक आढळला नाही' म्हणजे नेमकं काय? आयसीयूनंतरच्या फॉलो-अपवरचा एक पेपर

पेशंट आयसीयूतून वाचून घरी आला की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण बऱ्याच जणांचं दुसरं दुखणं तिथून पुढे सुरू होतं. जिना चढवत नाही, रात्री दचकून जाग येते, साधा हिशोब जमत नाही. अशा पेशंटला काही महिन्यांनी परत बोलावून तपासलं तर त्याचं जगणं सुधारेल का? हा प्रश्न नीट कसोटीला लावणारा पेपर आज वाचू या: कथबर्टसन आणि सहकाऱ्यांची 'प्रॅक्टिकल' ट्रायल, बीएमजे, २००९.

आधी पेपर काय सांगतो ते बघू. ब्रिटनमधली तीन हॉस्पिटलं, २८६ पेशंट, रँडम पद्धतीने केलेले दोन गट. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्याला नर्सनी चालवलेला फॉलो-अप: स्वतः करायच्या व्यायामाची पुस्तिका, शिवाय ३ आणि ९ महिन्यांनी क्लिनिकमध्ये भेट. वर्षाने दोघांनाही एसएफ-३६ ही जीवनमानाची प्रश्नावली दिली. शारीरिक गुण फॉलो-अप गटात सरासरी ४२.०, दुसऱ्या गटात ४०.८. मानसिक गुण ४७.१ आणि ४६.८. खर्च मात्र फॉलो-अपचा जास्त. हा कार्यक्रम परिणामकारक असल्याचा पुरावा मिळाला नाही, असा लेखकांचा निष्कर्ष.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी हा पेपर मांडला होता. शेवटची स्लाइड होती: 'आयसीयू फॉलो-अपचा उपयोग नाही.' सरांनी एकच विचारलं, "वर्षाच्या शेवटी किती जण होते?" मी बिनधास्त २८६ म्हणाले. होते १९२! तेव्हापासून हा पेपर मी चार-पाच वेळा वाचलाय, आणि ती स्लाइड किती घाईची होती ते दर वेळी नव्याने कळतं.

पहिली गोष्ट ही गळतीच. ९४ जण, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, शेवटच्या तुलनेत नाहीत. या विषयात गळती टळत नाही, कारण इतके आजारी पेशंट वर्षभरात दगावतातही, आणि वारलेल्या माणसाचं जीवनमान मोजता येत नाही. पण म्हणजे ही सरासरी फक्त जगलेल्या आणि उत्तर देऊ शकलेल्या लोकांची आहे. जो सगळ्यात खचला तोच फॉर्म भरत नाही, ही शक्यता डोक्यात ठेवून आकडे वाचा.

दुसरी गोष्ट, कॉन्फिडन्स इंटरव्हल. शारीरिक गुणांतल्या फरकाचा इंटरव्हल होता −१.९ ते ४.२. म्हणजे थोडा तोटा ते चारेक गुणांचा फायदा, यातलं काहीही या डेटात बसतं. मोठा फायदा नाही, एवढं ठामपणे म्हणता येतं. छोटा फायदाही नाही, असं म्हणता येत नाही. फक्त पी-व्हॅल्यू बघून पान उलटलं की हे हातातून निसटतं.

तिसरी गोष्ट, मोजपट्टी. एसएफ-३६ मध्ये स्मरणशक्तीवर थेट प्रश्न नाही. मध्यम कष्टाची कामं म्हणून मूळ प्रश्नावलीत टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, गोल्फ खेळणं अशी उदाहरणं आहेत. उद्या तुम्ही साताऱ्यात किंवा लातुरात अभ्यास करणार असाल, तर मांडी घालून बसता येतं का, कळशी उचलता येते का, हे कोण विचारणार?

पेपर वाईट आहे असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. 'पेशंटला बोलावलं की बरंच होणार' या श्रद्धेवर न थांबता त्यांनी ती तपासली, आणि नकोसं उत्तर प्रामाणिकपणे छापलं. पुढे लवकरचं पुनर्वसन, भ्रम, आकलनातल्या अडचणी आणि नातेवाईकांची भूमिका याकडे बघा, असंही त्यांनीच सुचवलंय. माझी तक्रार आहे ती माझ्यासारख्या वाचकांबद्दल. 'या कार्यक्रमाने फरक दिसला नाही' याचं आपण 'फॉलो-अपच नको' करून टाकतो. तीन महिन्यांनी पहिली भेट हा उशीर असेल, तर त्यातून लवकर सुरू केलेल्या मदतीबद्दल काहीच कळत नाही.

आणि एक आकडा मी त्या दिवशी स्लाइडवर घातलाच नव्हता. या गुणांची रचना अशी असते की सर्वसाधारण लोकसंख्येची सरासरी ५० यावी, स्टँडर्ड डेव्हिएशन १०. दोन्ही गट शारीरिक बाबतीत चाळिशीच्या आसपास होते. वयाचा वाटा धरला तरी वर्षभरानंतरही ही माणसं पूर्ववत झालेली नव्हती, फॉलो-अप मिळालेली आणि न मिळालेली, दोन्ही. गटांमधला फरक शोधता शोधता मला हे दिसलंच नाही.

पुढचा ट्रायल पेपर हातात घ्याल तेव्हा निष्कर्ष वाचायच्या आधी एक करा. सुरुवातीचा एन आणि शेवटचा एन कागदावर शेजारी शेजारी लिहा, आणि मधली माणसं कुठे गेली ते शोधा.