जुन्या नावाची पत

व्हिडिओ गेमवर लिहिणारे एक गोष्ट हमखास सांगतात: प्रयोग करायचा तर नव्या नावाने, जुन्या मालिका म्हणजे शिळ्या कढीला ऊत. मला हे अर्धेच पटते.

निन्टेन्डोची 'झेल्डा' ही १९८६ पासूनची मालिका. १९९८ चा 'ओकारिना ऑफ टाइम' लोकांनी डोक्यावर घेतला. तोच साचा पुन्हा काढणे सोपे होते. पण २००० च्या 'मजोराज मास्क'मध्ये एइजी आओनुमा आणि योशिआकी कोइझुमी यांनी निराळाच घाट घातला. गावावर चंद्र कोसळणार, हाताशी दिवस तीन. खेळातले हे ७२ तास साधारण गतीने ५४ मिनिटांत संपतात. मग ओकारिना वाजवून पुन्हा पहिला दिवस! काल ज्याला मदत केली, तो आज ओळखही दाखवत नाही. गावचा पोस्टमन तर चंद्र डोक्यावर आला तरी वेळापत्रक सोडत नाही. पळून जायचे असूनही. मुलांच्या खेळात मरणाची अशी चाहूल मी क्वचितच अनुभवली.

हे धाडस जमले ते जुन्याच्या जोरावर. 'ओकारिना'ची पात्रे आणि यंत्रणा तयार होती, म्हणून खेळ सुमारे वर्षभरात उभा राहिला. शिवाय नाव ओळखीचे. नाताळच्या खरेदीत आपण आईबापही ओळखीचेच नाव उचलतो ना? अनोळखी खेळाने केलेले बरेचसे काम असे वरचेवर पुसले असते, तर तो किती जणांनी पुरा खेळला असता?

अर्थात नव्या नावाचीही गरज पडते. २०१५ च्या 'स्प्लाटून'च्या पहिल्या चाचणीत टोफूसारखे ठोकळे शाई उडवत होते. मारिओला घेण्याचाही विचार झाला होता. तो आला असता तर त्याचे सगळे बिऱ्हाड पाठीवर आले असते. अर्धे माणूस, अर्धे माकूळ अशी पात्रे आली म्हणून शाईत बुडी मारून पोहणे स्वाभाविक वाटले.

तेव्हा मी पाहतो ते, साठलेली पत कशावर खर्च केली. २०२३ चा ७० डॉलरचा 'टिअर्स ऑफ द किंगडम' २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चीच भूमी पुन्हा वापरतो. फळ्या-चाके जोडून हवे ते वाहन बनवण्याची त्यातली सोय अफाट आहे, यात वाद नाही. पण गोष्ट सांगण्याची रीत तीच: विखुरलेल्या आठवणी वेचत फिरायचे. आणि त्या पोस्टमनसारखे मनात घर करणारे एकही पात्र मला तिथे भेटले नाही.