जुन्या मंडपाला नवा गाभारा : मुंबईचं सेंट थॉमस कॅथेड्रल

चिखलीतल्या व्याख्यानात मुंबईचं चर्च कशाला, असं कुणीही विचारेल. आपल्याकडे जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली की आधी खर्चाचं बोलतात. जुन्या दगडांचं काय करायचं हे शेवटी निघतं, तेही जेसीबी दारात आल्यावर. म्हणून ज्यांनी हे काम अतोनात केलं, त्यांच्याकडे आज बघू.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधली हजारो मध्ययुगीन गावचर्चं 'पूर्ववत' केली गेली. तेराव्या-चौदाव्या शतकातलं तेवढं अस्सल मानायचं; नंतरचा गिलावा, लाकडी सज्जे, बाकं काढून टाकायची. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा त्यातला मोठा वास्तुकार. (आपला राजाबाई टॉवर त्याच्याच आराखड्याचा, आणि गडी भारतात कधी आला नाही!) ट्यूक्सबरीच्या चर्चला त्याचा हात लागणार म्हटल्यावर विल्यम मॉरिस खवळला आणि १८७७ मध्ये त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्याचं म्हणणं साधं होतं : डागडुजी करा, पण नवं घडवून ते जुनं म्हणून दाखवू नका.

आता फोर्टातलं सेंट थॉमस. चर्चगेट हे नाव पडलं ते याच्यावरूनच. पाया १६७६ मध्ये घातला, मग काम चाळीसेक वर्षं रखडलं आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. ही वास्तू मध्ययुगीन नाही, पण व्हिक्टोरियन हात हिच्यावरही फिरला. १८३७ मध्ये ते कॅथेड्रल झालं, पुढच्या वर्षी मनोरा आणि घड्याळ आलं. मोठा बदल १८६५ पर्यंत झाला : पूर्वेकडचा वेदीचा भाग वाढवून गॉथिक पद्धतीने बांधला.

का वाढवला? अठराव्या शतकातलं इंग्रजी चर्च म्हणजे आपला कीर्तनाचा मंडप. बोलणारा दिसला, ऐकू आला, की झालं. व्हिक्टोरियन मंडळींना मात्र गाभारा हवा होता : खोल, उंच, रंगीत काचांतून उजेड झिरपणारा.

आमच्या मते हा गाभारा सुंदर आहे, पण मंडपाशी त्याचं जमत नाही. मंडपाच्या भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिल्पं दाटीने बसलेली, नजर तिथेच अडकते. पुढच्या टोकदार कमानी तिला वर ओढतात. तरी इथे एक गोष्ट चांगली झाली. मंडपाला कुणी तेराव्या शतकाचा पोशाख चढवला नाही. सांधा उघडा राहिला, साध्या डोळ्यांना कळतो. इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चांत तो शोधूनही सापडत नाही, कारण पुसून टाकणं हेच तिथलं कौशल्य होतं.

आपल्याकडे पुसावं लागतच नाही. सागवानी खांब भंगारात जातात, आणि नव्या आरसीसी मंडपावर 'प्राचीन' असा फलक लागतो. जागा अपुरी पडते हे कारण खरंच आहे, गर्दी वाढलीय. पण मग मागे किंवा बाजूला वाढवता येतं का, हे वर्गणीच्या बैठकीत कुणी विचारलं होतं का? इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या गावात काम निघालंय, त्यांनी निदान पाडायच्या आधी खांबांची मापं आणि फोटो घेऊन ठेवावेत.